कॅटची पुस्तके निवडताना

पदवीचे शेवटचे वर्ष लागले की मंडळाच्या बैठकीनंतर कोणीतरी हळूच विचारतेच, "मॅडम, कॅटसाठी कोणती पुस्तकं घेऊ?" मी वाणिज्य विभागात शिकवते. त्यामुळे पुस्तकांची यादी माझ्याकडून मिळेल, अशी मुलांची अपेक्षा असते. मी मात्र उलट विचारते, "गेल्या वर्षीचा पेपर सोडवून पाहिलास का?"

मित्रहो, आधी पेपर आणि मग पुस्तक, हा क्रम सोडू नका. २०१७ पासूनचे खरे पेपर आज सहज मिळतात. त्यातला अगदी अलीकडचा पेपर घड्याळ लावून सोडवा. २०२४ च्या कॅटमध्ये ६८ प्रश्न होते: इंग्रजी आकलनाचे २४, माहिती-विश्लेषण व तर्काचे २२ आणि गणिताचे २२. प्रत्येक विभागाला ४० मिनिटे, आणि वेळ संपल्याशिवाय पुढच्या विभागात जाता येत नाही. २०१९ पर्यंत मात्र १०० प्रश्न आणि १८० मिनिटे होती. म्हणून जुना पेपर घेतलात तर ४० मिनिटांत इंग्रजीच्या ३४ पैकी २२-२३ प्रश्नच धरा. नाहीतर उगाच वाटेल, आपल्याला जमत नाही.

पेपर तपासला की कुठे अडते ते कळते. पुस्तक तेवढ्यासाठीच घ्यायचे.

दुकानात पुस्तक हातात घेतले की जाडी बघू नका, मागची उत्तरे उघडा. बरोबर पर्याय 'क' एवढेच छापले असेल तर ते खाली ठेवा. बाकीचे तीन पर्याय का चुकले, हे सांगणारे पुस्तक हवे. याचे कारण गुणपद्धतीत आहे. बहुपर्यायी प्रश्नाला बरोबर उत्तराचे ३ गुण मिळतात, चुकीला १ कापला जातो. डोळे झाकून चार उत्तरे ठोकली, तर सरासरी एक बरोबर येईल, तीन चुकतील. म्हणजे अधिक तीन, उणे तीन, हाती शून्य! पण प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर अशा चार प्रश्नांत सरासरी दोन बरोबर येतील. सहा मिळाले, दोन गेले, चार गुण पदरात. पर्याय बाद करायला शिकवणारे पुस्तक म्हणून मोलाचे. ज्या प्रश्नांत उत्तर स्वतः टाइप करायचे असते, तिथे चुकीला गुण कापत नाहीत. ते कोरे सोडू नका.

आता मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी. "माझं इंग्रजी कच्चं आहे" म्हणून अनेकजण शब्दांच्या याद्यांचे जाड पुस्तक आणतात. सध्याच्या कॅटमध्ये सुट्या शब्दाचा अर्थ विचारत नाहीत. उतारे, परिच्छेदाचा सारांश, विस्कटलेली वाक्ये लावणे असे प्रश्न येतात. त्याला रोजचे वाचन लागते. इंग्रजी दैनिकाचे संपादकीय पान ग्रंथालयात फुकट आहे. एक लेख वाचा आणि लेखकाचे म्हणणे दोन वाक्यांत लिहा. मराठीत लिहिलेत तरी चालेल. आधी समजले का, ते महत्त्वाचे.

गणिताचेही तसेच. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग हे सगळे शाळेत झालेले आहे. संकल्पना अडली तर आपले जुने मराठी पाठ्यपुस्तक खुशाल काढा. सोबत एक वही करा: डावीकडे 'गुणोत्तर', उजवीकडे 'रेशो', डावीकडे 'चक्रवाढ व्याज', उजवीकडे 'कंपाउंड इंटरेस्ट'. ही वही बाजारात मिळत नाही, पण परीक्षेच्या हॉलमध्ये तीच उपयोगी पडते.

क्लासने दिलेला पुस्तकांचा गठ्ठा घरी आला की आईवडिलांना वाटते, अभ्यास सुरू झाला. ते पैसे त्यांच्या घामाचे असतात. गणिताचे एक, तर्काचे एक, आणि खरे पेपर, एवढ्यावर सुरुवात करा. पहिले पुस्तक निम्मे संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. वरच्या वर्गातल्यांनी आपली पुस्तके ग्रंथालयात ठेवली, तर पुढच्यांना तेही विकत घ्यावे लागणार नाही. फक्त समासात पेन्सिलीने उत्तरे लिहिली असतील तर आधी खोडा!