घरगुती ध्वनिमुद्रणाची जुळणी

गेल्या मे महिन्यांत आमच्या शाळेंतील दहावीच्या वर्गांतला एक विद्यार्थी आपल्या घरीं ध्वनिमुद्रण करावयास बसला. कीबोर्ड त्याचा स्वतःचा होता, लॅपटॉप वडिलांचा, दोन तोंडांचा ऑडिओ इंटरफेस नाताळांत मिळालेल्या पैशांतून घेतलेला, आणि मॉनिटरांची जोडी एका नातलगाकडून मागून आणलेली. गाणारे त्याचे आजोबा. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचीं व इतर जुन्या कवींचीं पुष्कळ भजनें आजोबांस तोंडपाठ होतीं, आणि त्यांतील कित्येकांच्या चाली त्या गांवांत त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणास येत नव्हत्या. सात भजनें मुद्रित झालीं. ऑगस्टांत आजोबा देवाघरीं गेले. सप्टेंबरांत मुलगा तें मुद्रण घेऊन मजकडे आला व म्हणाला, "सर, आजोबांच्या आवाजामागें सारखी घूं घूं ऐकूं येते आहे. ती काढून द्याल का?"

ती घूं घूं कोठून आली हें समजण्यासाठीं या जुळणीचें प्रत्येक अंग पाहावें लागतें. अलीकडे पुष्कळ घरीं हें साहित्य आलें आहे. यंत्रें विकणारा तीं पेटींतून काढून देतो, पण तीं एकमेकांस कशीं जोडावींत हें सहसा सांगत नाहीं. म्हणून हा पाठ थोडा विस्तारानें देत आहें.

कीबोर्डाकडून संगणकाकडे दोन निराळ्या जातींच्या गोष्टी जाऊं शकतात, व त्यांची गल्लत ही नवशिक्याची पहिली चूक होय. एक आहे ध्वनि; दुसरा आहे निरोप. कीबोर्डाच्या पाठीमागें 'आउटपुट' असें लिहिलेलीं दोन पाव इंची तोंडें असतात. त्यांतून प्रत्यक्ष ध्वनीचा विद्युत्प्रवाह बाहेर पडतो. त्यांच्या शेजारीं पांच खिळ्यांचें वाटोळें सॉकेट, किंवा नव्या कीबोर्डावर यूएसबीचें चौकोनी तोंड असतें. कांहीं मोजके कीबोर्ड सोडले तर त्यांतून ध्वनि मुळींच येत नाहीं. साठ क्रमांकाची पट्टी दाबली, अमुक जोरानें दाबली, मग सोडली, एवढाच निरोप येतो. (साठ म्हणजे मधल्या सप्तकाची पांढरी एक; जोर ० पासून १२७ पर्यंतच्या आंकड्यांनीं सांगितला जातो.) जुन्या तारायंत्रानें मजकूर येत असे, पाठविणाऱ्याचा आवाज येत नसे, तसाच हा प्रकार. या निरोपांच्या भाषेस मिडी असें नांव आहे.

या भाषेचा जन्म मोठा बोधप्रद आहे. पूर्वीं प्रत्येक कंपनीचें वाद्य फक्त आपल्याच कंपनीच्या वाद्याशीं बोले. जानेवारी १९८३ मध्यें अमेरिकेंतील ॲनाहाइम येथें भरलेल्या वाद्यांच्या प्रदर्शनांत सिक्वेन्शियल सर्किट्स या अमेरिकन कंपनीचें प्रॉफेट ६०० व रोलंड या जपानी कंपनीचें ज्युपिटर ६ हीं दोन वाद्यें एका तारेनें जोडून दाखविण्यांत आलीं. एकावर वाजविलें तें दुसऱ्यांतून उमटलें. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या या धंदेवाल्यांनीं ती भाषा सर्वांस फुकट वापरूं दिली, म्हणूनच ती आज प्रत्येक कीबोर्डांत आहे. तिचे जनक डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी यांस २०१३ सालीं ग्रॅमीचें तांत्रिक पारितोषिक मिळालें.

पांच खिळ्यांच्या तारेंतून सेकंदास ३१,२५० अंश जातात. पट्टी दाबल्याचा एक निरोप ३० अंशांचा असतो, म्हणजे तो एक सहस्रांश सेकंदाहून किंचित् कमी वेळांत पोहोंचतो. चार स्वर एकदम दाबले तर शेवटचा स्वर पहिल्याच्या मागून सुमारें तीन सहस्रांश सेकंदांनीं निघतो. कानास तें कळत नाहीं. तार लावतांना मात्र कीबोर्डाच्या 'आउट' मधून इंटरफेसच्या 'इन' मध्यें लावावी. दोन्हीकडे 'आउट' पाहून तेंच जुळवणारे विद्यार्थी मीं पाहिले आहेत. दोन माणसें एकाच वेळीं बोलूं लागलीं व ऐकणारा कोणीच नाहीं, अशी ती स्थिति होते. यूएसबीची तार असेल तर ही अडचण नाहीं. ती एकच तार दोन्ही दिशांचें काम करते.

मिडी जोडल्यावर कधीं कधीं प्रत्येक स्वर दोनदां वाजल्यासारखा, पोकळ ऐकूं येतो. पालक म्हणतात, कीबोर्ड बिघडला. तो बिघडलेला नसतो. पट्टी दाबतांच कीबोर्ड स्वतः एकदां वाजतो. निरोप संगणकाकडे जाऊन परत येतो, तेव्हां तो पुन्हां वाजतो. कीबोर्डाच्या सेटिंगमध्यें 'लोकल कंट्रोल' म्हणून एक कळ असते. ती बंद केली कीं दुखणें थांबतें. (संगणकाची तार काढल्यावर ती पुन्हां चालू करावयास विसरूं नये, नाहीं तर कीबोर्ड मुका झाला म्हणून दुकानांत धांव घेण्याची पाळी येते.)

आतां ध्वनीचा मार्ग. ध्वनीचा प्रवाह अखंड असतो. संगणकास केवळ आंकडे कळतात. या दोहोंमधला दुभाषी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. तो येणाऱ्या प्रवाहाचें माप सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० वेळां घेतो. हा आंकडा एवढा मोठा कां? जो स्वर पकडावयाचा त्याच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळां माप घ्यावें लागतें, असा गणिताचा नियम आहे. आणि तरुण मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंत ऐकूं येतें. प्रत्येक माप किती बारीक असावें तें बिटांवर ठरतें. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या होतात, २४ बिटांत १,६७,७७,२१६. घरीं २४ बिट ठेवावे. मग आवाज थोडा हलका मुद्रित झाला तरी हानि होत नाहीं. उलट तो वरच्या मर्यादेस, म्हणजे संगणकावरील शून्य डेसिबेलच्या रेषेस, लागला तर स्वराचा माथा छाटला जातो, व छाटलेला माथा मागाहून कोणासही परत आणतां येत नाहीं. गाणें अगदीं भरांत असतांना कांटा उणे बारा डेसिबेलच्या आसपास राहील एवढीच घुंडी फिरवावी.

कीबोर्डाचा प्रवाह मायक्रोफोनाच्या प्रवाहाहून कितीतरी पट जोरकस असतो. म्हणून त्यास 'लाइन' असें लिहिलेलें तोंड द्यावें. मायक्रोफोनाचें देऊं नये. दोन्ही हातांचें वादन पूर्ण हवें असल्यास डावें व उजवें अशा दोन तारा लावाव्या. एकच तार असेल तर ती 'लेफ्ट-मोनो' या तोंडांत घालावी, म्हणजे दोन्ही बाजू तींतून येतात. इंटरफेसवर ४८ व्होल्टची एक कळ असते. ती कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनास वीज पुरविण्यासाठीं आहे. कीबोर्डाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं.

दुभाष्यास बोलावयास थोडा वेळ लागतो. संगणक मापें एकेक न घेतां गठ्ठ्यानें घेतो; त्या गठ्ठ्यास बफर म्हणतात. ४८,००० च्या वेगानें १०२४ मापांचा गठ्ठा भरावयास २१ सहस्रांश सेकंद लागतात. हवेंत ध्वनि तेवढ्या वेळांत सुमारें सात मीटर जातो. येतांना एक गठ्ठा व जातांना एक गठ्ठा मिळून दुप्पट. म्हणजे पट्टी माझ्या हाताखालीं, पण स्वर जणूं चौदा मीटरांवरून, देवळाच्या दुसऱ्या टोंकाकडून येतो! अशा वेळीं कोणाचीही लय ढासळेल. शिक्षकाकडे चांगला वाजविणारा मुलगा घरीं संगणकावर अडखळतो, व त्याच्यावर आळसाचा ठपका येतो, याचें कारण कित्येकदां हेंच असतें. गठ्ठा १२८ मापांचा केला तर ही फेरी सुमारें पांच सहस्रांश सेकंदांवर येते. गठ्ठा लहान केल्यानें संगणकावर ताण पडतो व ध्वनि तुटूं लागतो. यास्तव वाजवितांना लहान गठ्ठा व मागाहून मिश्रण करतांना मोठा गठ्ठा ठेवण्याची रीत आहे.

आतां त्या घूं घूंकडे वळूं. भारतांत घरची वीज सेकंदास ५० वेळां हेलकावे घेते. ५० कंपनांचा स्वर म्हणजे पेटीच्याही खालच्या सप्तकांतील पांढरी पांच, थोडी चढी. मीं विद्यार्थ्याच्या घरीं जाऊन पाहिलें. लॅपटॉपचा तीन खिळ्यांचा चार्जर खिडकीजवळच्या बोर्डांत होता. मॉनिटरांच्या तारा खोलीच्या दुसऱ्या भिंतीवरील बोर्डांत. दोन्ही बोर्डांस आर्थिंग होतें, पण त्या दोन आर्थिंगांत विजेचा दाब किंचित् निराळा होता. इंटरफेस व मॉनिटर यांमधल्या ध्वनीच्या तारेची बाहेरची जाळी हीच त्या दोन आर्थिंगांस जोडणारा पूल बनली, व त्या पुलावरून वीज ये-जा करूं लागली. ध्वनीच्या तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे तिचा हेलकावा मॉनिटरांतून ऐकूं येणारच. त्यांत मुलानें मुद्रणाच्या वेळीं मॉनिटर चालूच ठेवले होते. त्यांतली घूं घूं खोलींत पसरली व आजोबांपुढील मायक्रोफोनांत शिरली. दोन चुका एकमेकींस भेटल्या. एकटी पहिली असती तर मुद्रण वांचलें असतें.

उपाय अगदीं स्वस्त आहे. लॅपटॉप, इंटरफेस, कीबोर्ड व मॉनिटर या सर्वांची वीज एकाच आर्थिंग असलेल्या बोर्डांतून घ्यावी. मॉनिटरांस तीन कप्प्यांचा प्लग असलेली बॅलन्स्ड तार लावावी. तिच्यांत दोन तारा तोच ध्वनि एकमेकींच्या उलट घेऊन जातात. वाटेंत शिरलेला गोंगाट दोहींत सारखा असतो, व दुसऱ्या टोंकास वजाबाकी झाली कीं गोंगाट नाहींसा होऊन ध्वनि दुप्पट उरतो. आणि मायक्रोफोन उघडा असतांना मॉनिटर बंद ठेवून कानांस हेडफोन लावावा.

एक इशारा पालकांसाठीं. घूं घूं घालविण्यासाठीं प्लगचा तिसरा, जाडा खिळा कापून टाकावा असा सल्ला देणारे लोक भेटतात. आवाज त्यानें खरोखरच थांबतो. पण यंत्रांत बिघाड झाल्यास धातूच्या पेटीस हात लावणाऱ्या मुलाचे प्राण वांचविणारी तार तीच आहे. तो खिळा कोणत्याही कारणानें कापूं नये.

मुद्रणाचें काय झालें तें सांगतों. ५० कंपनें काढून टाकणें सोपें होतें; आजोबांचा आवाज तेवढा खालीं जात नव्हता. परंतु या गोंगाटास १००, १५० अशीं पिलें असतात. आजोबांचा षड्ज काळी एकचा, म्हणजे सुमारें १३९ कंपनांचा. त्यांचा मंद्र पंचम १०४ वर पडतो, व १५० हा आंकडा दोन रिषभांच्या मधोमध. ती गाळणी लावतांच आजोबा पंचमावर उतरले कीं आवाज पातळ होई, जणूं दुसरेंच कोणी गात आहे. मुलानें तीनदां ऐकलें व म्हणाला, "राहूं द्या सर, घूं घूं असूं द्या." आम्हीं फक्त ५० चीं कंपनें काढलीं व बाकीचें होतें तसें ठेवलें.

कीबोर्डाची गोष्ट निराळी. त्याचे निरोप मिडीनें संगणकांत उतरलेले होते. दुसऱ्या भजनांतील दोन चुकलेल्या पट्ट्या मुलानें दुरुस्त केल्या, पियानोचा ध्वनि बदलून पायपेटीचा लावला, एके ठिकाणीं जोर कमी केला. निरोप केव्हांही पुन्हां वाजवून घेतां येतो. म्हणून ज्याच्याजवळ सोय आहे त्यानें वाजवितांना मिडी अवश्य मुद्रित करावी, आणि आपली सारी काळजी मायक्रोफोनापुढें बसलेल्या माणसासाठीं राखून ठेवावी.

मॉनिटरांविषयीं थोडेंच लिहितों. हे घरगुती स्पीकरांसारखे दिसतात, पण ध्वनि गोड करून दाखविणें हें त्यांचें काम नव्हे. जसा आहे तसा दाखविणें हें आहे. दोन मॉनिटर व ऐकणाऱ्याचें डोकें यांचा समभुज त्रिकोण व्हावा; बाजू मीटरभर पुरे. वरचा लहान पडदा कानाच्या उंचीवर असावा. कोपऱ्यांत ठेवले तर भिंती खर्ज फुगवितात. खोलींत गोधडी, पडदे, पुस्तकांचें कपाट असेल तर उत्तम. रिकाम्या फरशीच्या खोलींत सर्वच घुमतें. आवाज बेताचा ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यास ४० तास निभावतो. ९० डेसिबेलचा केवळ चार तास. वीज लावतांना मॉनिटर सर्वांच्या शेवटीं लावावे व बंद करतांना सर्वांच्या आधीं बंद करावे. नाहीं तर इतर यंत्रांचा धक्का त्यांच्या पडद्यांवर बसतो.

अशाच मांडणीपुढें बसून आमच्या गायकवर्गानें चौथ्या भजनाची चाल ओळीओळीनें ऐकून बसविली. ती यंदाच्या नाताळच्या उपासनेंत म्हटली जाईल. पेटीवर तोच विद्यार्थी आहे.