दुसऱ्या नजरेसाठी वेळ ठेव

चि. मुक्तास,


शुक्रवारी रात्री जयपूरहून निघून दोन दिवस एकटीने दिल्लीतली संग्रहालयं पाहायची ठरवली आहेस, हे तुझ्या बाबांकडून कळलं. बाबा जरा धास्तावले आहेत. त्यांची समजूत मी घालते. मला मात्र मनापासून आनंद झाला, आणि जे सांगायचं आहे ते फोनवर नीट सांगून होणार नाही, म्हणून हे पत्र.

घोळक्याने संग्रहालयात गेलं की काय होतं, ते तू शाळेच्या सहलीत अनुभवलं आहेस. एकाला भूक लागते, दुसऱ्याचे पाय दुखतात, तिसरा पुढच्या दालनातून हाका मारत असतो. एखाद्या मूर्तीपाशी जरा रेंगाळलं की मागून ‘चला, चला’ सुरू. एकटीला यातलं काही नाही. पाहून झालेल्या वस्तूपाशी तुला हवं तेव्हा परत जाता येईल. माझं सगळं सांगणं एवढ्यासाठीच आहे: थोडं पाहा, पण दुसऱ्यांदा पाहा.

दिल्लीत संग्रहालयं उदंड आहेत. सगळी उरकायला गेलीस तर रविवारी रात्री फक्त तिकिटं आणि दुखरे पाय हाती राहतील. माझं ऐकशील तर चारच ठिकाणं धर. शनिवारी जनपथावरचं राष्ट्रीय संग्रहालय आणि इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. रविवारी गांधी स्मृती आणि २६, अलीपूर रोड. सुट्टी वाढवून सोमवारी काही पाहू असं मनात असेल तर ते काढून टाक. सोमवारी ही ठिकाणं बंद असतात.

राष्ट्रीय संग्रहालय दहाला उघडतं. उघडताच आत जा आणि आधी हडप्पा संस्कृतीचं दालन गाठ. तिथं जाण्याआधी एक हकीकत मात्र ठाऊक असू दे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आणि या संस्कृतीचं तिथलं नगर मोहेंजोदडो पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाच्या हद्दीत. १९११-१२ साली देवदत्त रामकृष्ण भांडारकर तिथं जाऊन आले. संस्कृत पंडित रामकृष्णपंत भांडारकरांचे हे चिरंजीव स्वतः मोठे विद्वान. पण तिथल्या विटा त्यांना अलीकडच्या वाटल्या. हे गाव जेमतेम दोनशे वर्षांचं, असा त्यांनी निर्वाळा दिला. पुढे त्याच विभागाची सूत्रं राखालदास बॅनर्जी यांच्याकडे आली. त्यांची कचेरी आपल्या पुण्यात होती. ते मोहेंजोदडोच्या टेकाडांकडे पुन्हा गेले आणि त्यांनी तिथं खणायला सुरुवात केली. १९२४ साली पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी या संस्कृतीची बातमी जगाला दिली, आणि भारताचा इतिहास एकदम काही हजार वर्षं मागे गेला. भांडारकरांची विद्वत्ता यामुळे कमी होत नाही. पण विद्वानाची नजरसुद्धा पहिल्या भेटीत चुकू शकते, हे आपण लक्षात ठेवायचं. त्या टेकाडांवर पुढे पंढरपुरात जन्मलेल्या काशिनाथ नारायण दीक्षितांनीही उत्खनन केलं. हेही मनात असू दे, म्हणजे ते दालन तुला परकं वाटणार नाही.

आता मोहेंजोदडोला सापडलेल्या नर्तकीच्या कांस्यमूर्तीविषयी. पाठ्यपुस्तकातल्या चित्रामुळे ती केवढी तरी असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती साडेदहा सेंटिमीटरची, तुझ्या तळहातावर मावेल एवढी. पहिल्यांदा पाहशील तेव्हा ‘एवढीशीच?’ असं मनात येईल. येऊ दे. मग पाटी न वाचता पाच मिनिटं तिथंच उभी राहा. उजवा हात कमरेवर, मान किंचित मागे, डावा हात वरपासून खालपर्यंत बांगड्यांनी भरलेला, उजव्या हातात मात्र मोजक्याच. मागे जाऊन केसांचा अंबाडा पाहा. पावलं तुटलेली आहेत, तरी ती किती ऐटीत उभी आहे ते बघ. ‘नर्तकी’ हे नाव तिला उत्खनन करणाऱ्यांनी दिलं. ती नाचणारी होती याचा पुरावा काही नाही. तुला ती कोण वाटते ते आधी वहीत लिही, मग पाटी वाच. आधी पाटी वाचली की डोळे पाटीचंच ऐकतात.

तिथल्या मुद्राही अशाच निवांत पाहा. जेमतेम इंचभराचा दगड, त्यावर एकशिंगी प्राणी आणि वर चार-सहा चिन्हं. ओल्या मातीवर ठसा सुलट उठावा म्हणून कारागिराने सगळं उलटं कोरलं आहे. दुसऱ्या एखाद्या मुद्रेवर बैलाच्या गळ्याची लोंबती पोळी, खांद्याचे स्नायू, सगळं एवढ्याशा जागेत आणि तेही उलटं! एका मुद्रेचं चित्र पेन्सिलने काढ. चांगलं येण्याची गरज नाही. हात चालू लागला की डोळ्यांना जे आधी दिसलं नव्हतं ते दिसायला लागतं. फोटो काढून ते होत नाही.

आणि तिथले दागिने पाहताना एक गोष्ट विसरू नकोस. फाळणीत जमीन, फौज आणि तिजोरी वाटली गेली, तशी मोहेंजोदडोची चीजवस्तूही वाटली गेली. नर्तकी आपल्याकडे राहिली, दाढीवाला ‘पुरोहित राजा’ पाकिस्तानात आहे. वाटण्या तंतोतंत निम्म्या व्हाव्यात म्हणून सोन्याच्या मण्यांचे हार आणि लांबलचक लाल मण्यांचा कंबरपट्टा उसवला, मणी मोजले आणि निम्मे निम्मे केले. चार हजारांहून अधिक वर्षं मातीखाली जे एकत्र होतं, ते असं वेगळं झालं. तो एकेक लांब मणी पाहा. त्यातून आरपार भोक पाडायला कारागिराचे दिवसच्या दिवस जात. म्हणून प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारत जा: कोणी घडवली, कोणी वापरली आणि इथपर्यंत कशी आली? तिसरा प्रश्न लोक विसरतात, आणि पुष्कळदा खरी गोष्ट त्यातच असते.

दोन तासांनंतर बाहेर पड. त्यापुढे डोळे पाहतात, पण मनात काही शिरत नाही. पोटभर जेव, थोडी बस, मग जयपूर हाउसला जा. जयपूरच्या महाराजांचा हा दिल्लीतला वाडा. १९५४ साली तिथं आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. अमृता शेरगिलची चित्रं एवढ्या संख्येने दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतील. वडील शीख, आई हंगेरियन, जन्म बुडापेस्टचा, शिक्षण पॅरिसचं, आणि लाहोरला अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी मृत्यू. तुझ्याहून ती फार मोठी नव्हती गं. भिंतीवर असतील तर तिची दोन चित्रं जोडीने पाहा. १९३५ सालचं ‘तीन मुली’ आणि १९३७ सालचं वधूच्या शृंगाराचं. पहिल्यातल्या तिघींपैकी एकीचीही नजर आपल्याकडे नाही. बसल्या आहेत शेजारी शेजारी, पण प्रत्येकीचा विचार वेगळा चाललेला. या दोन चित्रांच्या मधल्या काळात अमृता अजिंठ्याला येऊन गेली होती. तू अजिंठा पाहिला आहेस. दुसऱ्या चित्रात त्या लेण्यांतलं काय उतरलंय, ते पुस्तकात न शोधता स्वतः शोध. एकदा पाहा, बाकीचं दालन फिरून ये आणि पुन्हा पाहा.

गायतोंड्यांचं चित्र दिसलं तर तेही टाळू नकोस. नागपूरला जन्मले, मुंबईत जे. जे.मध्ये शिकले आणि पुढे दिल्लीतच राहिले. पहिल्या नजरेला तिथं नुसता रंग दिसतो आणि लोक पुढे सरकतात. तू थांब. काही वेळाने रंगाखालचे रंग वर यायला लागतात.

रविवार शांतपणे काढ. गांधी स्मृती म्हणजे तेव्हाचं बिर्ला हाउस. ९ सप्टेंबर १९४७ पासून अखेरपर्यंत, म्हणजे १४४ दिवस, गांधीजी तिथं राहिले. त्यांच्या खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावलं सिमेंटमध्ये उमटवून ठेवली आहेत. त्या पावलांच्या कडेने सावकाश चाल. गांधीजींचा खून करणारा माणूस आपल्या मुलखातून, पुण्याहून गेला होता, आणि त्यानंतर सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी गावांत निरपराधांची घरं जळाली. या विषयावर घरोघरी तऱ्हेतऱ्हेची मतं तू ऐकली असशील, पुढेही ऐकशील. कोणाचं ऐकायचं ते मी सांगणार नाही. एकदा त्या हिरवळीवर उभी राहा, एका निःशस्त्र म्हाताऱ्या माणसाच्या पावलांकडे बघ, आणि मग तुझं मत तू बनव.

तिथून सिव्हिल लाइन्स. २६, अलीपूर रोड हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा शेवटचा पत्ता. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर ते तिथं राहायला गेले, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं काम तिथं पुरं झालं, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी तिथंच त्यांनी देह ठेवला. आज त्या जागी उघड्या ग्रंथाच्या आकाराचं स्मारक आहे. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमी आपल्या लोकांना ठाऊक असतात, दिल्लीतला हा पत्ता फार थोड्यांना. शरीर साथ देत नसताना एक माणूस शेवटच्या दिवसापर्यंत लिहीत राहिला, हे त्या जागी उभं राहून आठव.

आता बाबांच्या काळजीचं बोलते. मेट्रोने फिर. पुढच्या दिशेचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. मुक्कामाची जागा आधी ठरव, स्टेशनवर उतरून शोधत बसू नकोस. ओळखपत्र आणि सुटे पैसे जवळ ठेव. मोठी सॅक नको, ती दारातच जमा करावी लागते. अंधार पडायच्या आत खोलीवर ये आणि पोचलीस की बाबांना फोन कर. यात कमीपणा काही नाही. त्यांना निवांत झोप लागली तर पुढच्या वेळी ते आपण होऊन ‘जा’ म्हणतील. दालनांतल्या रखवालदारांशी दोन शब्द बोल. ती माणसं रोज त्या वस्तूंसोबत असतात. एखादी गोष्ट कुठून नीट दिसते, ते त्यांना बरोबर ठाऊक असतं.

शेवटचं एक. तुझ्या आईने दिल्ली पाहिली ती सहलीच्या बसमधून: एका दिवसात कुतुब, लाल किल्ला, इंडिया गेट आणि वर खरेदी. संग्रहालयासमोरून बस गेली, थांबली नाही. तू या दोन दिवसांत जे नीट पाहशील ते तुला दुसऱ्याला दाखवता येईल. तेव्हा पुढच्या खेपेला आईला घेऊन जा आणि तिला अजिबात घाई करू नकोस.

तुझी,
आत्या