चंद्रग्रहण : केव्हा आणि कोठून दिसते?

सन २०२५ मध्ये दोन खग्रास चंद्रग्रहणे झाली. १४ मार्च रोजी, धुलिवंदनाच्या दिवशी झालेले ग्रहण दिल्लीतून किंवा भारतात अन्यत्र कोठूनही दिसले नाही. ७ सप्टेंबरच्या रात्रीचे ग्रहण मात्र प्रारंभापासून अखेरपर्यंत संपूर्ण देशातून दिसण्याजोगे होते. दोन्ही प्रसंगी चंद्र पृथ्वीच्या गडद छायेत पूर्णपणे बुडाला होता. मग हा फरक कशामुळे पडला? भूगोल आणि सामान्य विज्ञान या दोन्ही घटकांशी निगडित असलेल्या या प्रश्नाचे उत्तर पाठ करण्यापेक्षा ते स्वतः काढता येणे अधिक महत्त्वाचे आहे.

ग्रहण का होते?

सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका सरळ रेषेत आले की पृथ्वीची छाया चंद्रावर पडते. अशी स्थिती केवळ पौर्णिमेलाच येऊ शकते. परंतु चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र छायेच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही कक्षांच्या छेदनबिंदूंजवळ, म्हणजे राहू अथवा केतू या पातबिंदूंजवळ पौर्णिमा झाली, तरच ग्रहण घडते.

पृथ्वीच्या छायेचे दोन भाग असतात. मधल्या गडद भागास प्रच्छाया व सभोवतालच्या फिकट भागास उपच्छाया म्हणतात. चंद्राचा काही भाग प्रच्छायेत आल्यास खंडग्रास आणि संपूर्ण बिंब आल्यास खग्रास ग्रहण होते. चंद्र केवळ उपच्छायेतून गेल्यास छायाकल्प ग्रहण होते. पंचांगात दिलेले स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष हे खग्रास ग्रहणाचे पाच टप्पे आहेत. ७ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार स्पर्श रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी, संमीलन ११ वाजून १ मिनिटाने, तर मध्यरात्रीनंतर उन्मीलन १२ वाजून २३ मिनिटांनी आणि मोक्ष १ वाजून २६ मिनिटांनी झाला.

क्षण एक, क्षितिजे अनेक

सूर्यग्रहणात चंद्राची छाया पृथ्वीच्या मर्यादित भागावरून सरकत जाते. म्हणून त्याच्या वेळा गावोगाव बदलतात. चंद्रग्रहणात छाया प्रत्यक्ष चंद्रावर पडत असल्याने स्पर्श, मोक्ष इत्यादी टप्पे साऱ्या जगासाठी एकाच क्षणी घडतात. भिन्न असते ते केवळ निरीक्षकाचे क्षितिज. त्या क्षणी चंद्र क्षितिजावर असेल तर ग्रहण दिसते, नसेल तर दिसत नाही.

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या दिशेस असतो. तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि सूर्योदयाच्या सुमारास मावळतो. यावरून एक सोपा नियम मिळतो : आपल्याकडे रात्र असताना घडणारे चंद्रग्रहण आपल्याला दिसते. १४ मार्च २०२५ रोजी खग्रास स्थिती दिल्लीत सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांपासून दुपारी १ वाजून १ मिनिटापर्यंत होती. तेव्हा चंद्र क्षितिजाखाली होता. त्याच वेळी अमेरिका खंडात रात्र असल्याने तेथे ते दिसले.

एक उदाहरण : ८ नोव्हेंबर २०२२

चंद्र ग्रहण लागलेल्या स्थितीतच उगवला, तर त्यास ग्रस्तोदित म्हणतात. ८ नोव्हेंबर २०२२ चे ग्रहण भारतात असेच होते. स्पर्श दुपारी २ वाजून ३९ मिनिटांनी, उन्मीलन सायंकाळी ५ वाजून १२ मिनिटांनी आणि मोक्ष ६ वाजून १९ मिनिटांनी होता. चंद्रोदयापासून मोक्षापर्यंतचा काळ कोलकात्यात सुमारे १ तास २७ मिनिटे, दिल्लीत ५० मिनिटे, चेन्नईत ४० मिनिटे आणि मुंबईत १८ मिनिटे होता. कोलकात्यात चंद्र उगवला तेव्हा खग्रास स्थिती चालू होती. दिल्ली आणि मुंबईत ती आधीच संपली होती.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि १ अंश रेखांशास ४ मिनिटांचा फरक पडतो. म्हणून पूर्वेकडे चंद्र आधी उगवतो. परंतु चेन्नई दिल्लीच्या पूर्वेस असूनही तेथे चंद्र दिल्लीनंतर उगवला, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिण गोलार्धात, तर पौर्णिमेचा चंद्र उत्तर गोलार्धात असतो. उन्हाळ्यात सूर्य उत्तर भारतात जसा लवकर उगवतो व उशिरा मावळतो, तसाच हिवाळी पौर्णिमेचा चंद्र वागतो. सारांश, दृश्यता ठरवताना रेखांशाबरोबर अक्षांशही विचारात घ्यावा लागतो.

जंतरमंतरचा धडा

ग्रहणाचा क्षण सर्वत्र एकच असल्याने दोन ठिकाणी नोंदवलेल्या स्थानिक वेळांमधील फरकावरून त्यांच्या रेखांशांतील अंतर काढता येते. अचूक घड्याळे नव्हती त्या काळी हे तत्त्व मोलाचे होते. सवाई जयसिंह यांनी १७२४ च्या सुमारास दिल्लीत जंतरमंतर उभारले. युरोपातून आणवलेल्या ला हायर यांच्या सारण्या त्यांनी प्रत्यक्ष वेधांशी ताडून पाहिल्या, तेव्हा चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची चूक आढळली. सारणी कितीही प्रतिष्ठित असली तरी ती आकाशाशी पडताळावी, ही वैज्ञानिक दृष्टी त्यातून दिसते. आज ग्रहणांची अधिकृत गणिते कोलकात्याचे खगोल विज्ञान केंद्र प्रसिद्ध करते. त्यातील वेळा ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारित प्रमाणवेळेत असतात. दिल्लीची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे २१ मिनिटे मागे आहे.

गणित आणि प्रत्यक्ष दर्शन

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद आणि फरिदाबाद यांच्या रेखांशांत फार अंतर नसल्याने राजधानी क्षेत्रात चंद्रोदयाच्या वेळा जवळजवळ सारख्याच असतात. परंतु गणिताने दृश्य ठरलेले ग्रहण प्रत्यक्षात दिसेलच असे नाही. २०२२ च्या ग्रहणात मोक्षाच्या वेळीही दिल्लीत चंद्र क्षितिजापासून सुमारे १० अंशच वर होता. ग्रस्तोदित ग्रहणात उंच इमारती आणि नोव्हेंबरमधील धुरकट हवा हे मोठे अडथळे ठरतात. अशा वेळी पूर्व क्षितिज मोकळे दिसेल अशी जागा निवडावी. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहणे पूर्णपणे सुरक्षित आहे.

स्वाध्याय

३१ डिसेंबर २०२८ च्या खग्रास चंद्रग्रहणाचा मध्य भारतीय प्रमाणवेळेनुसार रात्री सुमारे १० वाजून २२ मिनिटांनी आहे. ते दिल्लीतून व मुंबईतून दिसेल काय, आणि त्याच क्षणी न्यूयॉर्कमध्ये, जेथील घड्याळ तेव्हा साडेदहा तास मागे असते, ते का दिसणार नाही, हे विद्यार्थ्यांनी वरील नियमाने ठरवावे. त्या रात्री दिल्लीत धुके नसल्यास आपल्या उत्तराचा पडताळा आकाशातच घेता येईल.