परसबागेतील आपोआप उगवणारी जांभळी फुले : ओळख व बंदोबस्त

पावसाळा सुरू होताच परसबागेत न पेरलेली अनेक रोपे उगवतात. त्यांपैकी काहींना पुढे जांभळी फुले येतात. ती सर्वच निरुपयोगी नसतात व सर्वच निरुपद्रवीही नसतात. म्हणून प्रथम ओळख पटवावी आणि नको असलेले झाड बी धरण्यापूर्वी काढावे.

१. तेरडा : खोड रसाळ, पाने लांबट व करवती कडांची. गुलाबी अथवा जांभळ्या फुलामागे बारीक सोंड असते. पिकलेले बोंड स्पर्श होताच फुटून बी दूर उडते. गौरीपूजनासाठी कडेची रोपे राखून वाफ्यातील उपटावीत.

२. सहदेवी : फुले लहान, जांभळट व झुबक्यांनी येणारी. बियांना पांढरे केस असल्यामुळे त्या वाऱ्याबरोबर पसरतात. कळ्या दिसताच खुरपणी करावी.

३. ओसाडी : पाने केसाळ व उग्र वासाची, फुलांचे गुच्छ फिकट जांभळे. मिरची-टोमॅटोवरील पांढऱ्या माशीस हे तण आश्रय देते. ते वाफ्याजवळ ठेवू नये.

४. काळा धोतरा : हे झाड विषारी आहे. फूल मोठे, कर्ण्यासारखे, बाहेरून जांभळे. फळ गोल व बोथट काट्यांचे. याचे कोवळे रोप वांग्याच्या रोपासारखे दिसते. वांग्याचे पान लवदार असते. धोतऱ्याचे बहुधा गुळगुळीत असून चुरगळल्यास दुर्गंधी येते. वांग्याच्या ओळीबाहेर उगवलेले रोप संशयित मानावे. परसातील पालेभाजी खुडताना त्यात धोतऱ्याचे पान जाणार नाही, याची विशेष काळजी घ्यावी.

धोतरा उपटताना हातमोजे वापरावेत, डोळ्यांना हात लावू नये व नंतर हात साबणाने धुवावेत. फळे खतखड्ड्यात टाकू नयेत व जाळूही नयेत; मुले व गुरे यांच्या वाटेपासून दूर खोल पुरावीत. बी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहत असल्याने पुढील पावसाळ्यांतही पाहणी करावी. महादेवाला वाहण्यासाठी झाड राखावयाचे असल्यास ते भाजीपासून दूर, कुंपणाच्या आत असावे.

धोतरा पोटात गेल्यास तोंडास कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात व माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता रोग्यास व झाडाच्या नमुन्यास त्वरित दवाखान्यात न्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी धोतरा व वांगे यांची रोपे शेजारी ठेवून हा फरक घरोघरी, विशेषतः गृहिणींना व शाळेतील मुलांना, प्रत्यक्ष दाखवावा.