पट्टीचा शेवटचा आकडा

मंचरच्या बाजारात कांदा विकून आलेल्या माणसाला घरचे आधी भाव विचारत नाहीत, पट्टी मागतात. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन खाली उरतो तो आकडा खरा. अवसरी खुर्दच्या शेतकरी घरात वाढूनही वकील लावताना मला याचा विसर पडला. तो पावणेचार लाखांना पडला.

चाकणच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं होतो, शेवटची चार उत्पादन विभागाचा प्रमुख म्हणून. ऑगस्ट 2019 मध्ये केबिनमध्ये बोलावून सांगितलं, राजीनामा द्या, नोटिशीचा पगार आणि वर तीन लाख घ्या. बोनस आणि कंपनी न सोडल्याबद्दल कबूल केलेली रक्कम मिळून माझे चौदा लाख निघत होते. मी कागद परत सरकवला. त्यांनी नोटिशीचा पगार खात्यात टाकून मला काढलं.

ओळखीतल्या एकाने वकील सुचवला. त्याने पुण्याच्या कामगार न्यायालयात प्रकरण घातलं. मला बरं वाटलं, कारण नोकरी गेली की कामगार न्यायालय, एवढंच आपल्याला ठाऊक. कंपनीच्या वकिलाने काय केलं, तर माझ्या हाताखालच्या चाळीस जणांचे रजेचे अर्ज जोडले. प्रत्येकावर ‘मंजूर’ आणि खाली माझी सही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात व्यवस्थापकाचं काम करणारा माणूस ‘कामगार’ ठरत नव्हता. हुद्द्याचं नाव काहीही असो, काम काय करत होता ते बघतात. माझ्याच सह्यांनी मी त्या दाराबाहेर गेलो. त्यात चौदा महिने गेले, आणि पासष्ट हजार.

मग पुण्यातल्या एका मोठ्या वकिलाकडे गेलो. तीस हजार घेऊन त्यांनी नेमणूकपत्राचं सतरावं कलम वाचून दाखवलं. वाद झाल्यास मुंबईत लवाद. रुजू होताना मी पगाराचा आकडा वाचून सही केली होती, हे कलम वाचलंच नव्हतं. लवाद म्हणजे न्यायाधीशाचा पगारही आपणच द्यायचा. लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात दर आहे: पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला 45,000, वीस लाखांपर्यंत वरच्या रकमेवर साडेतीन टक्के, आणि लवाद एकटाच असेल तर त्यावर आणखी 25 टक्के. पक्ष आपसात वेगळा दरही ठरवू शकतात. आमच्या लवादाने हाच धरला. चौदा लाखांना 95,625 झाले, निम्मे माझ्या वाट्याला. वकिलाने दावा लिहायचे पंचाहत्तर हजार घेतले, पुढे दर तारखेला बारा हजार. अशा अकरा तारखा झाल्या. त्यातल्या दोन मोबाईलवर, घराच्या ओट्यावर बसून. बारा हजार त्यांचेही.

2022 मध्ये साडेसात लाखांवर तडजोड झाली. मी पेढे आणले. हिने पेढ्याचा बॉक्स बाजूला ठेवला, माझी निळी डायरी काढली आणि म्हणाली, “अहो, आता पट्टी लिहा.”

साडेसात लाखांतून कराचे 2,34,000 गेले. तडजोडीची रक्कम पगारासारखी धरून कंपनीने कर कापला होता. वकिलाची फी त्यातून वजा करायला पगारदाराला सोय नाही, ही गोष्ट तोवर मला कुणी सांगितली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती. हातात आले 5,16,000. फी, लवाद, झेरॉक्स, मंचर-शिवाजीनगर-दादर मिळून खर्च 3,77,812. खाली उरले 1,38,188. केबिनमधले तीन लाख तेव्हाच घेतले असते तर कर जाऊन दोन लाख सहा हजार घरी आले असते. तीन वर्षांची झोपही.

लढूच नये, असं मी म्हणत नाही. माझी ग्रॅच्युइटी मी वकिलाशिवाय मिळवली. तिला व्यवस्थापक-कामगार भेद नाही. शेवटचा मूळ पगार 80,000, त्याला पंधराने गुणून सव्वीसने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं: 4,15,385. कंपनीने तीस दिवसांत दिली नाही, तेव्हा पुण्याच्या कामगार कार्यालयात नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे साधा अर्ज केला. दहा टक्के व्याजासह मिळाली. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. त्यांत काढलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे, आणि वेतन संहितेतल्या ‘कर्मचारी’ या शब्दात व्यवस्थापकही येतो. औद्योगिक वादासाठी मात्र तो अजूनही बाहेरच. तेव्हा वकिलाला पहिला प्रश्न ‘जिंकू का’ हा नको. मी कोणत्या दारात बसतो, हे विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या.

दुसरा कागद फीचा. दावा लिहायचे किती, तारखेचे किती, तारीख नुसती पुढे ढकलली तर किती, मोठा वकील आणला तर त्याचे कोण देणार. हे विचारायला मला लाज वाटली. ट्रॅक्टरवाल्याशी नांगरटीचा दर ठरवताना कधी वाटत नाही. एका बिलात 18 टक्के जीएसटी लावला होता. धंद्यासाठी नव्हे, स्वतःच्या कामासाठी वकील लावणाऱ्याला तो माफ आहे. दाखवून दिल्यावर मुकाट कमी झाला. अमेरिकेतला पुतण्या म्हणायचा, “काका, जिंकलात तरच तिसरा हिस्सा द्या, इथे तसंच चालतं.” आपल्याकडे बार कौन्सिलचा नियम अशा वाट्याच्या फीला मनाई करतो. ‘वीस टक्के द्या, बाकी माझ्यावर सोडा’ म्हणणारा मलाही भेटला होता. जो स्वतःचा नियम पहिल्या भेटीत मोडतो, त्याच्या हातात माझी कागदपत्रं द्यायचा धीर झाला नाही. तेवढी एक अक्कल शाबूत होती.

मागच्या महिन्यात शेजारचा मुलगा ऑफर लेटर घेऊन आला. आमच्या गावच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकलेला, आता तिसरी नोकरी. त्याने बोट पॅकेजवर ठेवलं. मी पानं उलटत गेलो. लवाद, बेंगळुरू.

“एचआरला विचार, पुण्यात ठेवता येईल का.”

“काका, अजून रुजू पण नाही झालो.”

“म्हणून तर आज विचार.”

ओट्यावर बसूनच त्याने मेल लिहिला. उत्तर अजून आलेलं नाही.