ताठ बसवू नका, हलतं ठेवा



जळगावच्या रिंगरोडवर नाहीतर धुळ्याच्या देवपुरात शाळेच्या वेळी उभं राहिलं, की पुढे वाकून चालणारी मुलं दिसतात. दप्तर कमरेखाली लोंबत असतं. घरी आल्यावर याच मुलांना आपण सारखं बजावतो, "पोक काढू नको, ताठ बस." मूल दोन मिनिटं ताठ होतं आणि पुन्हा सैलावतं. हा हट्ट नव्हे. एकाच स्थितीत फार वेळ बसणं शरीराला झेपत नाही, मग ते बसणं कितीही ताठ असो.

म्हणून कळकळीने सांगते, मुलाला सरळ करण्यापेक्षा हलतं ठेवा. अर्ध्या तासाने अभ्यासातून उठू दे, पाणी आणू दे, पालथं पडून वाचू दे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी एक तास मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. लंगडी, लगोरी, आट्यापाट्यांत तो तास कसा जातो तेही कळत नाही. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन भाजून काढतं, तेव्हा सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला खेळू द्या. पण ट्यूशनसाठी खेळाला कात्री लावू नका.

दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नको, असं राज्य शासनाने २०१५ मध्येच ठरवून दिलं आहे. ३० किलोच्या मुलाला ३ किलो. त्यातला एक किलो तर लिटरभर पाण्याची बाटलीच खाते. शाळेत पिण्याचं चांगलं पाणी हवं, हे पालकसभेत मागायला संकोच कसला?

मान-पाठ धरली की 'नस चढली' म्हणत कुणीतरी चोळून देणारा सुचवतं. आजीने हलक्या हाताने तेल लावलं तर खुशाल लावू द्या. पण मुलाची मान कुणालाही कडकन मोडू देऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधूनच वर जातात आणि अशा झटक्याने त्यांना इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. 'कट्' आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं, असंही नाही. तो सांध्यातल्या द्रवाचा आणि वायूचा आवाज. शिकलेला फिजिओथेरपिस्टही हाताने उपचार करतो, पण आधी तपासतो आणि घरी करायला व्यायाम देतो. हाताने मिळालेला आराम व्यायामानेच टिकतो, तेव्हा तो व्यायाम मुलाबरोबर तुम्हीही करा.

मूल दहा ते पंधराच्या वयात असेल, तर अधूनमधून पाय जुळवून, हात खाली सोडून त्याला पुढे वाकवा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर कणा वाकडा होत असू शकतो. हा बाक वाढण्याचा धोका मुलींमध्ये जास्त. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, लंगडणं, पायांत मुंग्या यांतलं काहीही असेल तर थांबू नका. धुळ्यात भाऊसाहेब हिरे आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मालिशवाल्याकडे खेपा घालण्याआधी तिथल्या हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून या.