पदवी हातीं येण्यापूर्वीं

दरवर्षीं उन्हाळ्यांत आमचे जुने विद्यार्थी पदवी घेऊन शिफारसपत्राकरितां येतात. त्यांच्या शीलाविषयीं आम्ही आनंदानें लिहितों, परंतु "कॉलेजांत असतां काम काय केलेंस?" असें विचारतांच बहुतेक मान खालीं घालतात. घरच्यांनीं 'आधीं अभ्यास' म्हणून त्यांस जपलेलें असतें! साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज काढिलें, तें 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. तेथें श्रमानें शिक्षणाचा खर्च भागे. शिवाय वेळेवर हजर राहणें, चूक झाल्यास कबूल करणें, हें अंगवळणीं पडे. पालकहो, सुटींत मुलामुलींस छापखान्यांत मुद्रितें तपासूं द्या, दुकानांत हिशेब लिहूं द्या. दोन महिने त्यांचें काम पाहिलेला मालक जें पत्र देईल, तें आम्हांस लिहितां येणार नाहीं.